पंचमीचा पाला

म्हैस रेकली की बाळाबाई चुलीपुढून न उठता सांगायची, ही तहानेची, ही रेडकासाठी, आणि ही नुसतीच खोड. पुणे-बंगळूर हायवेला लागून तिचं गाव, पंचगंगेच्या अलीकडं. कुणाची म्हैस अडली, कुणाचं रेडकू दूध ओढेना, की आधी तिला बोलावणं जायचं आणि मग डॉक्टरला फोन. आवाज ऐकायचा आणि दुखणं ओळखायचं, एवढीच तिची विद्या. नवरा कृष्णात गेल्यापासून तीन म्हशी, देव्हाऱ्यातला जोतिबा आणि शिरोळचा धाकटा भाऊ केरबा, एवढाच तिचा संसार उरला होता.

त्या वर्षी श्रावणात पंचगंगा हायवेवर आली. पोलिसांनी रस्ता बंद केला आणि गावाच्या अंगाला गाड्यांची रांग लागली. गावानं नेहमीसारखा आपला धर्म पाळला. बायांनी भाकऱ्या थापल्या, पोरांनी पाट्या डोक्यावर घेऊन ड्रायव्हर लोकांना वाढल्या. बाळाबाईही थापत होती, पण तिचं चित्त शिरोळात होतं. कृष्णेचं पाणी गावात शिरल्याची बातमी आली होती आणि केरबाचा फोन लागत नव्हता. चतुर्थीचा भावाचा उपवास ती दरसाल धरायची. त्या साली तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही.

पंचमी उजाडली. रांगेतल्या एका लांब ट्रेलरवर उंच पिंजरा होता, आणि पिंजऱ्याच्या उघड्या माथ्यातून एक मान वर आली होती. निम्मं गाव तिथं जमलं. जिराफाचं पिल्लू होतं, मादी, वर्ष-दीड वर्षाची. उत्तरेतल्या एका प्राणिसंग्रहालयातून दक्षिणेतल्या दुसऱ्याकडं निघाली होती. डॉक्टरांची जीप पुढं होती, ती पाणी चढायच्या आधीच पलीकडं गेली. मागं राहिला एकटा तिचा सांभाळणारा, सम्राट, मूळचा नगरकडचा. त्यानं तिचं नाव चिमणी ठेवलं होतं.

"ही चिमणी?" कुणीतरी म्हणालं. "मग तुमच्यातली घार केवढी असंल वो पावणं?"

लोक हसले. सम्राटही हसला आणि मग बोलत राहिला, कारण दोन रात्री त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. एवढी लांब मान, पण मणके माणसाइतकेच, सात. जीभ हातभर आणि काळी, बाभळीच्या काट्यांतून नेमका पाला ओढून घेणारी. झोप घटकाभराची, तीही बहुतेक उभ्याउभ्याच. पाणी प्यायचं तर पुढचे पाय फाकवून वाकावं लागतं. पोट म्हशीसारखंच, चार कप्प्यांचं, आणि रवंथही तसंच. बायांनी बघितलं, घासाचा गोळा त्या लांब गळ्यातून वर चढताना खरंच दिसत होता.

तिला पाठवताय कशाला, असं बाळाबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं, एकाच घरातली सोयरीक नको म्हणून. तिकडं एक नर आहे. यांच्या मूळ मुलखात, आफ्रिकेत, रानं तुटून शेतं झाली, दुष्काळ पडतात, मांसासाठी मारतात, शेपटीच्या केसांसाठी मारतात, दुसऱ्या जनावरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशात यांचे पाय अडकतात. हत्तींच्या मानानं आता हे फार थोडे राहिलेत. हत्ती कमी झाले तर जगभर बोभाटा होतो. यांचं कुणाला कळलंच नाही.

"का कळलं न्हाई?"

"मुकं जनावर मावशी. ओरडत नाही."

बाळाबाईनं चिमणीकडं बघितलं. लांब पापण्यांचे मोठे डोळे तिच्यावर लागले होते. ती म्हणाली, "पंचमीला लेकी म्हायेरला येत्यात. ही बया सासरला निघालीया."

सम्राटला बोलायचं होतं ते आता त्यानं बोलून टाकलं. बरोबर आणलेला पाला पावसानं कुजला होता. आदल्या दिवसापासून चिमणीच्या पोटात नवं काही गेलं नव्हतं. गावात उसाचं वाढं होतं, गवत होतं, या मुलखात हिरव्याला काय तोटा, पण ही जमिनीवरचं चरत नाही, हिला झाडाचा पाला लागतो. आजूबाजूचं सगळं पाण्याखाली. उंचावर होत्या त्या बाळाबाईच्या बांधावरच्या चार बाभळी. त्यानं कोयता मागितला.

लोक बाळाबाईकडं बघू लागले. पंचमीला गावात कुणी चिरत नाही, कापत नाही, तवा ठेवत नाही, जमिनीला कुदळ लावत नाही. पात्याखाली नागाचा जीव गेला तर तो भावाच्या मुळावर येतो, असं बाळाबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. एरवी एखाद्या साली तिनं डोळेझाक केलीही असती. पण केरबा शिरोळात होता, छपरावर होता की पाण्यात होता ते जोतिबालाच ठाऊक.

"आज न्हाय पावणं," ती म्हणाली. "माजा भाऊ पाण्यात हाय. उद्या दिस उगवायच्या आदी चारी बाभळी उतरून देतो. आजचा दिस न्हाय."

सम्राटनं हुज्जत घातली नाही. तो बांधावर गेला आणि हातानं ओरबाडू लागला. काट्यांनी बोटं फाटली. तासाभरात धोतराचा सोगा भरेल एवढाही पाला निघाला नाही. चिमणीनं तो दोन जिभांत संपवला आणि पुन्हा मान खाली घालून त्याचे रिकामे हात हुंगू लागली.

ते बाळाबाईला बघवेना. श्रावणात दाराशी आलेली लेक उपाशी, आणि आपण पुरणाची दिंडं उकडून ठेवलीत. सम्राट डॉक्टरांना फोन लागतो का बघायला उंचवट्यावर गेला होता. तिनं घरात जाऊन आंबोण कालवलं. सरकीची पेंड, भरडा, वर गुळाचा खडा. व्यालेल्या म्हशीला ती हेच द्यायची, आजाऱ्याला हेच द्यायची. पालाच द्या, दुसरं काही नको, असं सम्राट म्हणाला होता खरा. पण पोट म्हशीसारखं आहे हेही त्याच्याच तोंडचं. चार कप्प्यांच्या पोटाला आंबोणानं कधी वाईट केलं नव्हतं, निदान तिच्या दारात तरी नाही. तिनं पिंजऱ्याच्या फळ्यांवर पाय देऊन घमेलं वर धरलं. काळी जीभ आली, थांबली, आणि मग चिमणीनं घमेलं चाटूनपुसून स्वच्छ केलं. बाळाबाईनं तिच्या कपाळाला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

सम्राट परतला तेव्हा तिनंच त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाला, "मावशी, किती दिलं?"

"घमेलंभर."

पिंजऱ्याला टेकून उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही.

सकाळी उजेड फुटताच बाळाबाईनं कोयता घेतला आणि चारी बाभळी बोडक्या केल्या. डोक्यावर भारा घेऊन ती हायवेवर आली, तर वर मान दिसेना. चिमणी पिंजऱ्यात बसली होती, पोट डाव्या अंगाला फुगलेलं, मान मागं मोडल्यासारखी. फोन अखेर लागला होता. डॉक्टर पलीकडच्या काठावरून सांगत होते, डोकं खाली जाऊ देऊ नका, डोकं वर धरा, आम्ही होडीची सोय बघतोय. पिंजऱ्याचं मागचं दार उघडून सम्राट आत शिरला आणि त्याच्यामागं बाळाबाई. तिनं ती मान खांद्यावर घेतली. गावकऱ्यांनी पोटाखालून पट्टे घालून ओढून बघितलं. पाय धरत नव्हते.

बाळाबाई त्या अंगावर कान लावून होती. म्हैस अशी दुखण्यात कण्हते, दात खाते, मग कळतं की कळ कुठं आहे. इथं काहीच नव्हतं. फक्त गरम श्वास, आणि तोही लांबत चाललेला. हाताला लागेल असं दुखणं नाही आणि कानाला लागेल असा आवाज नाही. तिनं डहाळी ओठांपाशी नेली. जीभ बाहेर आली, पाल्याला लागली आणि तशीच राहिली.

"रेक की गं बया," बाळाबाई म्हणाली. "एकदा तरी रेक."

दुपारी चिमणी गेली. होडी त्यानंतर आली.

डॉक्टरांना बाळाबाईनं गाठलं आणि सरळ विचारलं, माझ्या आंबोणानं गेली का. ते म्हणाले, असेलही. उपाशी पोटी दाणा बाधतो. पण इतके दिवस उभ्यानं प्रवास, पाऊस, घाबरणं, त्यानंही ही जनावरं जातात. सांगता येत नाही. सम्राटनं तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढं म्हणायची.

त्याच संध्याकाळी केरबाचा फोन आला. होडीनं काढून त्याला शाळेत आणून ठेवलं होतं, जीव शाबूत होता. शेजारणी म्हणाल्या, पंचमी पाळली त्याचं फळ. बाळाबाईनं जोतिबापुढं दिवा लावला, हात जोडले, आणि काय म्हणायचं ते तिला आठवेना.

पंचमी ती अजूनही पाळते. भाऊ आहे तोवर पाळणार. पण आता चतुर्थीला, उपाशी पोटीच, ती बांधावर जाते आणि दिवस मावळायच्या आत बाभळीच्या फांद्या उतरवून दाराशी रचून ठेवते. तिच्या म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. गेल्या साली केरबा आला होता, तो म्हणाला, "अक्का, कुणाला गं एवढा पाला?"

पंचमीभर पाला दारात पडून सुकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेळ्यांनी तो खाल्ला.