बाबांनी डब्याची पूजा केली

परवा खंडेनवमीला, भर दुपारी, इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरात मी वडिलांवर ओरडलो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी. कारण सांगतो, मग चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा...

आमच्याकडे फोटो फार. डिजिटल कॅमेरा घरात आल्यापासून बाबा दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. आई होती तोवर तिचेच जास्त... ती पोळ्या लाटतेय, फोटो. रुसून बसलीय, फोटो. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि हे सगळं दोन कॉम्प्युटर, एक पेन ड्राइव्ह आणि पन्नासएक सीडींत विखुरलेलं.

त्यात आमची खाडीची खारट, दमट हवा. गणपतीत एक सीडी काढली तर तिच्यावर बुरशीची नक्षी. त्यातले फोटो गेले ते गेलेच. तेव्हाच ठरवलं, नेटवर्क स्टोरेज घ्यायचं. म्हणजे दोन हार्डडिस्क असलेला एक डबा. तो राउटरला जोडायचा, सगळे फोटो त्यात भरायचे आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बघायचे.

दुकानदार म्हणाला होता, पाँच मिनट का काम है. त्या पाच मिनिटांचे माझे अकरा दिवस झाले.

डबा राउटरला दिसायचा, कॉम्प्युटरला दिसायचा नाही. केबल बदलली, फायरवॉल बंद केली, तेव्हा दिसला... तर पासवर्ड घेईना. दुकानदाराला फोन केला की एकच उत्तर, रीस्टार्ट करके देखो. कॉपी सुरू झाली तर स्क्रीनवर कधी चाळीस मिनिटं, कधी नऊ तास, कधी परत सोळा मिनिटं. मध्येच लाइट गेले की पहिल्यापासून रामायण. मग यूपीएस आणला. ऑफिसातून आलो की जेवणाआधी डब्यापुढे हजेरी. बायको म्हणाली, एवढा वेळ माझ्यापुढे बसला असतास तर...

शेवटी एकच सीडी उरली. आईच्या शेवटच्या दिवाळीची. ती कुठल्याच ड्राइव्हमध्ये चालत नव्हती. मऊ फडक्याने पुसून पुसून मी थकलो होतो. आणि खंडेनवमीच्या सकाळी जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती अचानक चालू झाली. रखडत, कण्हत, पण एकेक फोटो डब्यात जायला लागला.

मी घरात जाहीर केलं, कोणीही कशाला हात लावायचा नाही. आणि दसऱ्याची खरेदी करायला बायकोबरोबर बाहेर पडलो.

दोन तासांनी परत येऊन बघतो तर डबा जागेवर नाही. देवासमोर पाट मांडलेला. त्यावर बाबांचा मायक्रोमीटर, पाने, पक्कड, बायकोची कात्री आणि मधोमध आमचा डबा. वायरी काढून छान गुंडाळलेल्या. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि डब्याच्या पंख्याच्या जाळीत अक्षता. कॉम्प्युटरही बंद, त्याच्याही डोक्यावर झेंडू.

बाबा आयुष्यभर कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला यंत्र पुसायचं, पुजायचं आणि दिवसभर बंद ठेवायचं, हे त्यांच्या अंगात भिनलंय. मी हात लावू नका म्हणालो होतो ते त्यांनी ऐकलं होतं. पण ते कामासाठी, पूजेसाठी नाही... असं त्यांचं म्हणणं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. तुम्हाला काही कळत नाही, हे मात्र बोललो.

बाबांनी निरांजन जरा बाजूला सारलं. "तूच म्हणालास ना, आपली सगळी आई आता या डब्यात आहे," ते म्हणाले. "मग याला नाही पुजायचं तर कशाला पुजायचं?"

मी डबा तसाच पाटावर राहू दिला. चिडचिड मात्र गेली नाही, खोटं कशाला सांगू...

काल दसऱ्याला सकाळी डबा परत जोडला. अर्धी सकाळ तो स्वतःलाच तपासत बसला. मग उघडला. आधीचं सगळं शाबूत होतं. दिवाळीचे एकसष्ट फोटो आले होते आणि त्यातला शेवटचा अर्धा... आईचा चेहरा, खाली नुसता करडा पट्टा. सीडी पुन्हा घातली. जरा फिरली आणि थांबली. तीन ड्राइव्ह बदलले, पण ती परत चालली नाही.

"माझ्यामुळे गेले का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. सीडीच खराब होती."

अकरा दिवसांत मी पहिल्यांदाच न चिडता बोललो असेन. बाबा इंटरनेटवर नाहीत, म्हणून खरं काय ते इथे लिहितोय. कॉपी मध्येच तुटली नसती तर उरलेलेही आले असते.

मग आम्ही दोघं ते एकसष्ट फोटो बघत बसलो. शेवटच्या अर्ध्या फोटोनंतर मी बटण दाबलं, पण पुढे काहीच नव्हतं. बाबा मात्र थांबले नाहीत. यानंतरच्या फोटोत आई करंज्यांचं ताट घेऊन उभी आहे, म्हणाले. "त्यानंतरच्यात राई गावच्या मावशीचा हात मध्ये आलाय, म्हणून आई चिडलीय आणि मी ती चिडलेलीच काढली." एकेक करत ते सांगत गेले. कोणती साडी, कोण शेजारी, कोण हसलं, सगळं. मी वही ओढली आणि लिहून घ्यायला लागलो.

फोटो गेले याची हळहळ आहेच, ती राहणार. पण मी हे फोटो अकरा दिवस नुसते इकडून तिकडे हलवत होतो, एकही धड बघितला नव्हता. करंज्यांचं ताट घेतलेली आई मला काल बाबांच्या बोलण्यातच दिसली. त्यांच्यावर ओरडलो याची लाज वाटतेय... आणि हे सगळं सांगायला ते अजून घरात आहेत, याचं फार बरं वाटतंय.