मास्टरमोशायांचं ऑर्किड

लग्न होऊन मी कलकत्त्यात बेहालाला आले तेव्हा मला बंगालीतलं 'एशो' (या) आणि 'बोशो' (बसा) एवढंच येत होतं. हे सरकारी कचेरीत जात, मी दिवसभर घरात एकटी. खालच्या मजल्यावर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले एक निवृत्त शिक्षक राहत. सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणून मीही म्हणायची. ते मला 'बौमा', म्हणजे सूनबाई, म्हणत.

जिन्याजवळ, ऊन पोचत नसे अशा कोपऱ्यात त्यांची एक कुंडी होती. त्यात हळदीसारखी, पण चुण्या पडलेली तीन-चार पानं होती. त्यांची आई गावी, घरामागच्या बांबूच्या बेटात हे झाड लावायची. गाव सोडताना त्यांनी त्याचे दोन कंद धोतराच्या सोग्यात बांधून आणले होते.

"हे ऑर्किड आहे," ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "पण मातीत वाढणारं. सावली हवी आणि कुजलेला पाला."

"नाव काय ह्याचं?"

"तेच तर शोधतोय. फूल समोर असल्याशिवाय पुस्तकाशी ताडून पाहता येत नाही."

लहानपणी पाहिलेलं फूल त्यांना आठवत होतं. त्याचा दांडा शेंड्याला खाली वाकलेला असे. कलकत्त्यात मात्र ते एकदाही फुललं नव्हतं. त्या वर्षी पानं चांगली हातभर वाढली होती. "पुढच्या पावसाळ्यात नक्की," ते म्हणाले.

हिवाळ्याच्या तोंडाशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते बराकपूरला मुलीकडे निघाले. रिक्षा दाराशी उभी होती. घाईघाईत कुंडी माझ्या हातात देत ते बंगालीतच म्हणाले, "शीते घुमाय. जॉल दियो ना."

मी जोरजोरात मान हलवली. परत विचारायची लाज वाटली. थंडीत कुंडी फिरवत जा आणि पाणी द्या ना, असा अर्थ मी लावला. रोज सकाळी कुंडी थोडी फिरवायची आणि तांब्याभर पाणी घालायची. पानं पिवळी पडली तशी मी पाणी वाढवलं. सगळी पानं गळाल्यावर माती उकरली, तर कंदांचा लगदा झाला होता. घाण वास येत होता. मी तो भिंतीपलीकडच्या उकिरड्यावर टाकला.

शेजारच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. 'घुमाय' म्हणजे झोपतं, आणि 'दियो ना' म्हणजे देऊ नका.

मास्टरमोशाय डोळ्यांवर हिरवी झापड लावून परतले. "मांजराने कुंडी पाडली," मी म्हणाले.

"असू दे. कंद?"

"उकिरड्यावर टाकले."

दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तर ते काठीने उकिरडा उकरत होते. मधूनच वाकून काहीतरी उचलत, बोटांनी चाचपत आणि टाकून देत. बराच वेळ चाललं होतं.

"जा, खरं काय ते सांगून ये," हे म्हणाले. मी गेले नाही.

वर्षभरात मुलीने त्यांना कायमचं बराकपूरला नेलं. आमच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा मात्र मी गाडीने तिथे गेले. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. बंगालीत काय म्हणायचं तेही पाठ केलं होतं. ते व्हरांड्यात बसले होते. मला आवाजावरून ओळखून त्यांनी नातीला हाक मारली.

"ही माझी बौमा. माझ्या झाडाला किती जपायची! मेल्या मांजराने घात केला, नाहीतर तिच्या हातून ते फुललं असतं."

नात माझ्याकडे बघून हसली. मुलीने चहा आणला. मी तो प्यायले, त्यांच्या पाया पडले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.