ओथाचं खेचर आणि वॉशिंग्टनचे न्यायमूर्ती

मिसिसिपीतल्या आमच्या गावात ओथा क्रेन्शॉ शाळेची बस चालवायचा. गोऱ्यांची विटांची शाळा वाटेतच होती. पण आपली काळी पोरं घेऊन ती ओलांडायची आणि पार नदीपलीकडच्या पत्र्याच्या शाळेपर्यंत जायचं. या फेऱ्याला ओथा रोज शिव्या घालायचा आणि पोरं कंटाळू नयेत म्हणून आपल्या सेनेटर नावाच्या खेचराची गोष्ट सांगायचा. गोष्ट रस्त्याच्या मापाने बेतलेली. विटांच्या शाळेपाशी सेनेटर दलदलीत रुतायचा, पुलावर ओथा त्याला एकट्याने ओढून काढायचा आणि पत्र्याच्या शाळेच्या फाटकाशी टाळ्या.

मग वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं: वेगळ्या शाळा बंद, आत्ताच्या आत्ता एक करा. चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने ‘आमेन’ ओथाच ओरडला.

सोमवारी बस विटांच्या शाळेशीच थांबली. गोष्टीतला सेनेटर अजून गळ्यापर्यंत चिखलात.

“मग पुढे, ओथाकाका?”

“पुढे काय? शाळा आली. उतरा.”

आता याच बसने येणारी, पुढच्या बाकांवर अंग चोरून बसलेली गोरी पोरंसुद्धा उतरेनात.

घरी येऊन ओथाने जेवणाला हात लावला नाही.

“इतकी वर्षं त्या रस्त्याच्या नावाने बोटं मोडलीस,” मक्याचा पाव पुढे सरकवत बायको व्हर्डेल म्हणाली. “आता कोर्टाने तो फेरा वाचवला, तर तोंड का फुगलंय?”

“कोर्टाने सगळ्यांचं ऐकलं गं, माझ्या खेचराचं कुठे ऐकलं? गोष्ट अर्धी राहिली की मी नुसता ड्रायव्हर.”

“मग उरलेली परतताना सांग. बस परत येते ना?”

दुपारी शाळा सुटल्यावर बसमध्ये बाजार भरला होता. पुढची पोरं मागे, मागची पुढे.

“खेचर बुडालं!”

“खेचरं पोहतात, मठ्ठा!”

ओथाने घसा खाकरला. “तर मी एकट्याने दोर धरला—”

“थापा!” चिमुरडी कोरा म्हणाली. “तुम्हीच आत पडलात. सेनेटरने तुम्हाला ओढलं.”

“शेपटीला धरून!” वेंडल नावाच्या गोऱ्या पोराने भर घातली. अख्ख्या बसने माना डोलावल्या.

“तिथे मी होतो की तुम्ही?”

“तुम्हीच होतात, काका. चिखलात.”

ओथा तणतणत घरी आला. व्हर्डेल पोट धरधरून हसली. “सेनेटर रुतला त्या दिवशीचे तुझे कपडे मी धुतलेत, ओथा. सेनेटरच्या फक्त पायांना चिखल होता. तुझ्या कानांतसुद्धा होता!”

ओथाने मघाचा पाव संपवला.

दुसऱ्या सकाळी बस विटांच्या शाळेशी थांबली, तेव्हा गळ्यापर्यंत चिखलात ओथा होता. आणि सेनेटर काठावर उभा राहून विचार करत होता, याला काढावं की राहू द्यावं.

“उतरा,” ओथा म्हणाला. “दुपारपर्यंत ठरवा.”