शेवटी बाटली

शेवंती राऊळ गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. हात इतका चपळ की तुटलेला धागा कधी सांधला ते शेजारणीला कळायचं नाही. तोंड त्याहून चपळ. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घोडपदेवच्या चाळीत एक खोली, त्यात ती, सतरा वर्षांची कमल आणि सासू. सासूला सगळी चाळ ‘म्हातारी’ म्हणे, शेवंतीसुद्धा.

दिवाळीत कमलची सुपारी फुटली. मुलगा शिवा, डिलाईल रोडला गावकऱ्यांच्या सामाईक गाळ्यात राहणारा, गिरणीत फिटर. त्याचे वडील दत्ताराम परब मालवणकडे गावी. घर चांगलं, मुलाला विडीचंही व्यसन नाही. नऊ वर्षांत शेवंतीनं देवाकडे काही मागितलं नव्हतं. ही सोयरीक तेवढी मागितली होती.

सत्तावनच्या फेब्रुवारीत चाळ जळाली. भरदुपारी तळमजल्यावर स्टोव्ह भडकला आणि लाकडी जिना नि गॅलऱ्या अशा पेटल्या की बंब गल्लीत शिरेपर्यंत वरचे दोन मजले खाली बसले होते. बहुतेक माणसं पाळीवर होती म्हणून वाचली. म्हातारीला कमलनं पाठुंगळी मारून उतरवलं. घरातलं मात्र काही म्हणता काही उरलं नाही.

सगळ्यांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत ठेवलं. पहिले चार दिवस समितीची पोरं होती. त्यांनी भात आणला, चटया आणल्या, संडासासमोर रांगा लावल्या. पण निवडणूक तोंडावर आली होती, पोरं प्रचाराला पांगली. एकटा हेरंब येत राहिला. तो गिरगावचा, पोस्टात कारकून. संध्याकाळी येऊन लोकांची पत्रं लिहून द्यायचा.

पाचव्या दिवशी एक मिशन आलं.

त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नाही, हे खरं. दुधाच्या भुकटीची पिंपं आणली, ब्लँकेटं आणली, मैदानात तंबू ठोकून दवाखाना काढला. गोरी मडम खाली बसून पोरांच्या भाजलेल्या पायांना मलम लावायची. पण कार्डं दोन रंगांची होती. पांढऱ्या कार्डावर दूध. गुलाबी कार्डावर दूध, ब्लँकेट आणि दवाखान्यात पहिला नंबर. गुलाबी हवं तर रविवारी तंबूत प्रार्थनेला बसायचं आणि कार्डावर अंगठा द्यायचा. कार्डावरचा मजकूर इंग्रजीत होता.

शेवंतीनं पांढरं घेतलं. मग म्हातारीचा खोकला वाढला. शेवंती दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. तेव्हा औषधाला बाटली आपली आपण न्यायची रीत होती. कंपाउंडर तिच्यात लाल औषध ओतायचा आणि बाहेरून डोसांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. आता चाळ जळाल्यावर बाटली कुठून आणायची? मिशनकडे होत्या त्या बाटल्या गुलाबीवाल्यांनाच पुरेनात. तीन दिवस ती रिकाम्या हातानं परतली. चौथ्या दिवशी रविवार होता. शेवंती तंबूत जाऊन बसली, सगळे गाऊ लागले तेव्हा नुसते ओठ हलवले, अंगठा दिला, आणि ब्लँकेट नि भरलेली बाटली घेऊन आली.

“गुलाबी झालंस काय गे?” शेजारच्या पारवतीनं विचारलं.

“कार्ड गुलाबी. मी काळीच आसंय.”

त्याच संध्याकाळी तिनं हेरंबकडून व्याह्यांना पोस्टकार्ड लिहून घेतलं: चाळ जळाली, आम्ही सुखरूप, काळजी नसावी. ती भरभर सांगत होती आणि हेरंब पोस्टातल्या माणसासारखे शब्द वाचवत होता. जागा संपली तेव्हा शेवटची ओळ त्यानं पत्त्याच्या बाजूला, कडेला बारीक अक्षरात टाकली. अंगठ्याचं शेवंती कोणालाच बोलली नाही.

म्हातारीचा खोकला चार दिवसांत बसला. शेवंतीच्या अंगठ्यावरची शाई केव्हाच गेली होती, तरी ती अंगठा लुगड्याला पुसत राही. इंग्रजीत काय लिहिलं असेल? आपण ज्याच्यावर अंगठा उठवला ते नक्की काय होतं?

पोस्टकार्ड टाकल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी दत्ताराम बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरला आणि तडक शाळेत आला.

“शेवंतीबाई,” तो म्हणाला. नेहमीसारखं ‘विहीणबाय’ नाही. “सुपारी मोडूक इलंय.”

“कित्याक?”

“तुमी बाटलास म्हणान.”

शेवंती होती तिथे फरशीवर बसली. “अंगठो दिलंय खरो. पण तोंडान एक शब्द बोलूक नाय, देवाशप्पथ. माझा काय व्हायचा ता होऊंदे. माझ्या चेडवान, कमलान, काय केल्यान? ता तंबूत पाय ठेवूक नाय.”

दत्तारामानं डोक्यावरची टोपी काढली. ती नाही म्हणेल, भांडेल, आपल्याला शिव्या घालेल, याच आशेवर तो बोटीत बसला होता. “म्हणजे खराच?”

“अंगठ्यान माणूस बाटता?” पारवती मध्ये पडली. “मग तलाठ्यान अख्खो गाव बाटवलो आसतो.”

हसायला कोणी मोकळं नव्हतं. शेवंती मात्र उठली. “ज्येना अंगठो घेतल्यान, त्येकाच इचारूया. चला.”

अंगठे साळवे मास्तरांनी घेतले होते. मास्तर नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत मराठी शिकवणारे. तंबूत ते दुधाची भुकटी मोजून देत होते. शेवंतीचं ऐकता ऐकता त्यांनी माप खाली ठेवलं.

“बाई, बाप्तिस्मा घेतलात?”

“ता काय आसता?”

“प्रभूची प्रार्थना म्हणता येते?”

“नाय.”

“दहा आज्ञा?”

“दहा? माका मुकादमाच्याच पुरे जातत.”

मास्तरांच्या मिशा हलल्या. “मग तुम्ही नापास. आमच्याकडे वर्षभर शिकवतात, परीक्षा घेतात, तेव्हा कुठे पाणी घालतात. माझ्या मेव्हण्याला दोनदा परत पाठवला होता.” त्यांनी मिशनकडे ठेवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून तिचं गुलाबी कार्ड शोधून काढलं. “आणि यात लिहिलंय एवढंच, की रविवारच्या सभेला यायची तुमची इच्छा आहे.”

“इच्छा खयची? माका बाटली होयी होती.”

मास्तर म्हणाले, “ठाऊक आहे. हे दोन रंग वरून ठरले. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. तरी अंगठे मीच घेतले.” त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले. “ब्लँकेट राहू द्या. औषधाला उद्यापासून पांढऱ्यावर या. मडमशी मी बोलतो.”

शेवंतीनं असा श्वास सोडला की दत्तारामही नकळत सैल झाला. पण त्याची शंका उरली होतीच. “मास्तर, ह्यांनी सोताच लिवल्यांनी तां काय? गावात तीनदा वाचून घेतलंय मी.” त्यानं कोटाच्या खिशातून ते पोस्टकार्ड काढलं.

मास्तरांनी कडेची ओळ बोटानं दाखवत वाचली. “‘मिशनच्या दवाखान्यात चार खेपा घातल्या. शेवंती बाटली.’” ते थांबले. वह्या तपासतात तसं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. “हा त नाही. ट आहे. वर टिंब दिसतं ते शाईचं. शेवटी... शेवटी बाटली... आणि पुढचं पोस्टाच्या शिक्क्यानं खाल्लंय. हा बघा, ‘मि’ दिसतो. मिळाली. शेवटी बाटली मिळाली!”



“औषदाची!” शेवंती ओरडली. “तांबड्या औषदाची बाटली!” आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून म्हणाली, “म्हणजे अंगठ्याचा तुमका ठावकच नाय होता? मी उगाच ओकलंय?”

“बरं झालं ओकलात,” मास्तर म्हणाले. “नाहीतर जन्मभर पुसत बसला असता.”

दत्ताराम टोपी हातात फिरवत होता. “विहीणबाय,” तो खाली बघून म्हणाला, “गावात जरा बोभाटो झालोहा.”

“कोणी केल्यान?”

“मियाच.”

“मग तुमीच निस्तरा.” आता तिचं तोंड पुन्हा चालू झालं होतं. “आणि लगीन हय, मुंबयत. म्हातारेक बोट सोसाची नाय.”

“पण गावचा मांडव...”

“व्याहीबुवा, बोभाटो कोणी केल्यान?”

दत्तारामानं मुकाट्यानं मान डोलावली.

वैशाखात डिलाईल रोडच्या गाळ्यात लग्न लागलं. म्हातारी पहिल्या रांगेत ब्लँकेट पांघरून बसली, एकदाही खोकली नाही, आणि जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणून भर पंगतीत शेवंतीवर ओरडली. शेवंतीनं हसत हसत तिच्या पानात मीठ वाढलं.