बाहेरून कडी नसलेली खोली

बालाजीचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीतल्या माझ्या कार्यालयात एका कापड दुकानाचा ताळेबंद जुळवत होतो. बालाजी माझ्या चुलतभावाचा मुलगा, गावीच राहून शेती बघतो. "काका, आजी गेली," एवढंच तो म्हणाला. आजी म्हणजे माझी इंदूआत्या. सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसली होती, ती तशीच बसून राहिली. वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात तिच्या निधनाची छोटी बातमी आली. ती शांत, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीची होती, असं त्यात छापलं होतं. बातमी कुणी दिली ते मला ठाऊक नाही. पण माझा धंदाच दुसऱ्यांचे आकडे तपासण्याचा असल्यामुळे सांगतो, तीन विशेषणं होती आणि तिन्ही चूक होती. महिना होत आला. ती दुरुस्ती अजून कुणी केलेली नाही, म्हणून मी करतो आहे.

आत्या हिंगोलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती कारण सांगायची नाही आणि दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला घरी बोलवायची नाही. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी शहरात राहा म्हटलं, तर ती उठून गावी गेली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर आमची शेती आहे, तिथे दोन खोल्यांच्या घरात पुस्तकं घेऊन एकटी राहिली. तिच्या अभ्यासाचा विषय होता दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानात लावलेले संरक्षणाचे नियम, आणि त्यांच्या जोडीला गावोगाव उभी केलेली नागरी रक्षकांची दलं. लहानपणी मला हा विषय फार कोरडा वाटायचा. शिवाजी सोडून, पानिपत सोडून माणूस नियमांच्या मागे का लागतो, हे कळायचं नाही. मग एकदा तिनेच आजोबांची गोष्ट सांगितली.

आमचा भाग तेव्हा निजामाचा, आणि पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात. युद्ध चालू असताना आजोबा बैलजोडी विकायला वाशीमकडे गेले. बाजाराच्या वाटेवर दंडाला पट्टी बांधलेल्या दोघा रक्षकांनी त्यांना अडवलं. पलीकडून आलेला अनोळखी माणूस, बोली वेगळी, खिशात उर्दू अक्षरांची चिठ्ठी. ती चिठ्ठी बैलांच्या दाखल्याची होती, पण वाचणारं तिथं कुणी नव्हतं. त्यांना पोलिसांच्या हवाली केलं गेलं आणि काही आठवडे आत ठेवून सोडून दिलं. आरोप नाही, खटला नाही, बैलही परत नाहीत. कशासाठी धरलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गावात मात्र सगळ्यांना कळलं होतं. काही तरी केलंच असेल, असं लोक म्हणायचे. भांडण झालं की आमची आजीसुद्धा म्हणायची. आत्या सांगायची, "बाबांना कोठडीचं तेवढं लागलं नाही, या वाक्याचं लागलं. घरातल्या माणसाने म्हटल्यावर तर ते जेवायचे थांबायचे..." आजोबांनी पुन्हा कधी नदी ओलांडली नाही.

कॉलेजात असताना मी तिच्याशी वाद घालायचो. तिचं म्हणणं साधं होतं. अमुक माणूस धोक्याचा आहे अशी सरकारची खात्री पटली की त्याला आत टाकता यायचं, आणि खात्री कशावरून पटली हे सरकारला विचारायची सोय जवळपास नव्हती. एकदा वरच्या कोर्टाने हा नियम मूळ कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, तर सरकारने कायदाच बसता करून घेतला. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत हे सगळं संपेल, असं त्यात लिहिलेलं होतं. पुढे आपल्याच सरकारने त्याच नावाचा कायदा आणखी दोनदा केला. मी म्हणायचो, अगं पण युद्धात हेर असतातच ना? मला आकड्यांची सवय. म्हटलं, समज शंभर धरले आणि त्यांत पाच खरोखरचे हेर निघाले, तर देशाचा फायदाच झाला की नाही? आत्या भाजी निवडत होती. हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "बरं. मग उरलेल्या पंच्याण्णव जणांची नावं लिही. पहिलं मी सांगते."

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात चोरांच्या अफवा उठल्या. आभाळात ड्रोनचे दिवे फिरतात, त्यांतून घरं हेरतात, असं लोक सांगू लागले. थोड्या चोऱ्या झाल्याही असतील, मी नाकारत नाही. ग्रामसभेत ठरलं की घरटी एक माणूस पाळीने गावाच्या वेशीवर बसवायचा, रस्त्यावर दोरी बांधायची, अनोळखी माणसाची झडती घ्यायची. पोरांनी दंडावर बांधायला भगव्या कापडाच्या पट्ट्या शिवून घेतल्या, आणि पुढारी झाला आमचा बालाजी. विरोध असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर एकच हात वर झाला. सरपंच वैतागले. "मॅडम, तुमचं काहून दरवेळी उलटंच असतं?" आत्या हात तसाच ठेवून म्हणाली, "तुम्ही विचारलंत म्हणून वर केला. आता मोजा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या पेन्शनच्या कागदांवर सह्या घ्यायला मी गावी गेलो होतो. जवळा बाजार गावचा आठवडी बाजार होता त्या दिवशी, रस्त्यावर वर्दळ होती. दुपारी शेजारची बाई सांगत आली की पोरांनी चोर पकडला आणि पाण्याच्या टाकीखालच्या मोटारीच्या खोलीत कोंडला. आत्याने चष्मा लावला, चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग. टाकीपाशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. खोलीच्या लोखंडी दाराला बाहेरून कडी, आणि कडीला धरून बालाजी उभा.

"कोण आहे आत?" आत्याने विचारलं.

"चोर हाय आजी. ही बघा थैली. किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, कानशी, पेचकस. जिंतूरचा हाय म्हणून राहिला. आधार कार्ड दाखव म्हटलं तर न्हाई म्हणतो."

"तुझं दाखव."

"माझं?" बालाजीने खिसे चाचपले. "माझं घरी हाय."

"मग तू पण बस आत."

पोरं फिदीफिदी हसली. बालाजीचा चेहरा उतरला. दाराआडून आवाज आला, "बाई, मी कुलपं दुरुस्त करतो, छत्र्या करतो. बाजाराला चाललो होतो. कुणाला बी विचारा जिंतूरला."

तेवढ्यात सरपंच आले. पोलिसांना फोन केला आहे, ते बाजारातून मोकळे झाले की येतील, म्हणाले. मग त्यांनीच एक तोडगा काढला. एक जुनं, किल्ली हरवलेलं कुलूप आणायचं आणि त्या माणसापुढे ठेवायचं. खरंच कुलूपवाला असेल तर उघडून दाखवील. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, म्हणजे मी तर म्हणालोच, की आत्या, हे बराबर आहे, दोन मिनिटांचं काम. कुणी तरी कुलूप आणायला पळालंही.

"काही आणायचं नाही," आत्या म्हणाली. "उघडलं तर म्हणाल, बघा कसा सराईत आहे. नाही उघडलं तर म्हणाल, खोटं बोलतो. सरपंच, तुमच्या परीक्षेत पास व्हायची सोय कुठे ठेवलीय?"

पळालेला पोरगा अर्ध्या वाटेवर थांबला. सरपंच हसले, समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. पण काही तरी केलंच असंल की त्यानं. त्याबिगर पोरं उगी धरतील का?"

आत्या खोलीच्या पायरीवर बसली, अगदी दाराला पाठ टेकून. म्हणाली, "पोलिस येईपर्यंत मी इथेच आहे. ते आले की तक्रार मी देणार. एका माणसाला कुणी, कुणाच्या हुकमाने कोंडलं त्याची. पहिलं नाव बालाजीचं."

"आजी, घरच्याच माणसावर?" बालाजीचा आवाज फाटला.

"घरच्याच. आतल्याचं नाव मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही."

ऊन उतरतीला लागलं होतं तरी पायरी तापलेली होती. सरपंचांनी दोनदा समजावलं, एकदा आवाज चढवला. एक म्हातारे गृहस्थ "बाईमाणसानं कशाला पडावं यात," असं म्हणून निघून गेले. माणसं हळूहळू पांगू लागली, कारण बघण्यासारखं काही घडत नव्हतं, एक म्हातारी नुसती बसली होती. शेवटी बालाजीने आत्याकडे न बघता "सरका आजी" म्हटलं आणि कडी काढली.

आतून साधारण माझ्याच वयाचा माणूस बाहेर आला. सदऱ्याला मोटारीचं ग्रीस लागलेलं. त्याने आधी पाणी मागितलं, मग थैली. थैलीतली हत्यारं त्याने तिथेच बसून एकेक करून बघितली. आत्याने विचारलं, "पेचकस आहे?" त्याने घाबरून मान हलवली. "ही कडी काढून दे. मजुरी काय घेशील?" तो पोरांकडे बघू लागला. "त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघ. मी गिऱ्हाईक आहे." मग तो कामाला लागला. तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलेला होता, त्याला हातोडीने ठोकून, तेलाचा थेंब सोडून काढावं लागलं. आत्याने घासाघीस न करता मजुरी दिली. पोलिस तोवर आलेच नव्हते. वेशीवरची दोरीही तिने परत येताना स्वतः सोडली. गाठ घट्ट होती, मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "सोडते रे मी."

तो माणूस चोर होता का, हे मला माहीत नाही. या हिशेबात ती जागा मी कोरी ठेवतो, कारण तिथे भरायला माझ्याकडे काही नाही. घरी जाताना मी आत्याला विचारलंच, चोर असता तर? ती म्हणाली, "असेलही. मला काय माहीत? त्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच मला माहीत होतं."

किंमत तिला मोजावी लागली. दूधवाल्याने रतीब बंद केला, तर ती काळा चहा पिऊ लागली आणि आल्या-गेल्यालाही तोच देऊ लागली. न आवडणाऱ्याने पिऊ नये, म्हणायची. बालाजी काही महिने तिच्या अंगणात आला नाही. आणि कडी नसल्यामुळे मोटारीचा स्टार्टर एक दिवस खरोखरच चोरीला गेला. गावाला पाणी नाही, बायका घागरी घेऊन कालव्यावर, आणि जो तो "मॅडमनं कडी काढली" म्हणत होता. आत्याने ते नाकारलं नाही. "माझ्यामुळे गेला, खरं आहे," असं तिने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. पण कडी पुन्हा बसवू दिली नाही. दोनदा माणूस बसवायला आला, दोनदा ती जाऊन पायरीवर बसली. शेवटी कंटाळून गावाने नवा स्टार्टर लोखंडी पेटीत घातला आणि पेटीला कुलूप लावलं. ही युक्ती बालाजीची. ती सांगायलाच तो बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे आला. "पेटीला लावलं तर चालंल ना आजी?" "दहा लाव," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे काळा चहा ठेवला. त्याने तोंड वाकडं करत तो प्यायला.

हे मी तिचा मोठेपणा सांगायला लिहीत नाही. आत्या भांडखोर होती, हट्टी होती, अनेकदा चुकायची आणि चूक मान्य करताना समोरच्याला अपराधी वाटेल असा चेहरा करायची. देवळात ती फक्त सावलीला बसायची. पण आमच्या जिल्ह्याच्या एका गावात एक खोली अशी आहे की तिच्यात कुणाला बाहेरून कोंडता येत नाही, आणि ते तिच्यामुळे आहे.

गेल्या रविवारी बालाजी माझ्याकडे हिंगोलीला आला. पेटी गंजली आहे, तळाला भोक पडलंय. सरपंच म्हणतात, आता मॅडम नाहीत, दाराला कडी बसवून टाकू, सोपं पडेल. घरचं म्हणून तुमचं काय म्हणणं, असं विचारायला त्याला पाठवलं होतं.

"तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. नव्या पेटीचं माप होतं, लोहाराकडून घेतलेलं. लांबी दीड फूट, उंची एक फूट, रुंदी आतून नऊ इंच. मी फूटपट्टी काढून ते कागदावर आखून बघितलं, मग पुन्हा एकदा आखलं. माणूस काही त्यात मावत नाही. मी चिठ्ठीवर सही केली आणि म्हटलं, सांग सरपंचांना, पेटी करायला टाकलीय.