धावपट्टीतला दगड

आधी क्षमा मागतो. लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. लोहाऱ्यात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. फळ्याबाहेर कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. ज्या वयात माणसे लेखणी खाली ठेवतात, त्या वयात मी ती उचलतो आहे. आणि जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेले नाही – पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या चेहऱ्याकडे मला पाहावे लागणार नाही.

बसवराज माझा बालमित्र. शाळा सुटली की आम्ही माळावर उताणे पडून आभाळात उमटणारी विमानाची पांढरी रेघ पाहत असू. मी एक दिवस विमान उडवणार, असे तो म्हणे. आणि मी – कुणी विचारलेले नसताना – म्हणालो होतो, मग मागे मी बसणार. मुलांची बोलणी. ती कुणी जपून ठेवतो का? त्याने ठेवली.

पुढे मी मास्तर झालो, तो बोअर पाडण्याच्या धंद्यात शिरला आणि वर आला. पन्नाशी ओलांडल्यावर परगावी राहून तो रीतसर विमान चालवायला शिकला आणि दोन आसनांचे एक जुने, हलके विमान त्याने घेतले. घेतले एवढेच, घरी आणले असे म्हणता येत नाही. आणणार कुठे? असल्या विमानाच्या धन्याला आपल्याकडे आभाळ मिळते, जमीन मिळत नाही. आसपासच्या ज्या धावपट्ट्या त्याने पाहिल्या त्यांपैकी एकीवर उतरायची मुभा होती, पण विमान ठेवायला छप्पर नव्हते. दुसरीवर नुसती गुरे चरत होती, आणि फाटकाची किल्ली कुणाकडे हे कुणी सांगेना. अखेर दूरच्या एका पट्टीवर, दुसऱ्याच्या शेडमध्ये, उपऱ्यासारखी त्याला जागा मिळाली. त्याची बायको, गिरिजावहिनी, चारचौघांत म्हणायच्या, "आमच्याकडं इमान हाय, पण ते गाठायला पहाटची एसटी धरावी लागती." सगळे हसत. तोही हसे.

मग त्याने स्वतःच्याच रानात पट्टी करायचे ठरवले. त्याच्या रानाला लागून माझा माळ आहे – मुरमाड, सपाट, कुसळांखेरीज काही न उगवणारा. वारा तिथे पश्चिमेचा. त्याचे रान त्या रेषेत पुरेसे लांब नव्हते. उडताना कदाचित निभले असते, उतरताना नाही. माझा माळ जोडला की सरळ, निर्धोक पट्टी होत होती. एका सकाळी त्याने मला बरोबर घेऊन ती रेषा बुटांनी मोजली. परवानग्यांचे तो पाहणार होता. माझ्याकडून फक्त होकार हवा होता.

"पहिली फेरी तुझी, मास्तर," तो म्हणाला. "मागं बसणार म्हनला व्हतास."

आता इथे मला थांबावेसे वाटते. मी नाही म्हणू शकलो असतो. माळ माझा होता. धूळ उडेल, भाऊबंद कटकट करतील – असे काहीही सांगून नाही म्हणता आले असते. पण तो प्रत्येक अडचणीवर तोड काढणारा माणूस होता. मला अशी अडचण हवी होती जिच्यावर तोड नाही.

माळाच्या मधोमध एक काळा दगड आहे. माझे वडील त्याच्यावर विळा घासत. मी त्या दगडाकडे बोट केले आणि म्हणालो, "तिथं आमचे आजोबा आहेत."

तुम्ही आमच्याकडचे नसाल, तर एवढे सांगितले पाहिजे. आम्हा लिंगायतांत गेलेल्याला जाळत नाहीत. मातीत बसवतात, आणि पुष्कळ घरांत स्वतःच्याच रानात. त्या जागेवर नांगर जात नाही, मग चाक कुठले जाणार? माझे आजोबा आम्हा दोघांच्या जन्माआधी गेले. ते गावच्या रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, आहेत. पण बसवराजला ते कसे ठाऊक असणार?

तो दचकून मागे सरला. उभ्या जागी बूट काढले.

"आरं, आधी का न्हाय सांगितलंस? म्या येड्यावानी आज्यावरनं इमान पळवलं असतं की."

तेवढेच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. त्याने रागावायला हवे होते, निदान शंका घ्यायला हवी होती, असे मला पुढे कितीदा वाटले. उलट पुढच्याच सोमवारी तो बेल, विभूती आणि नारळ घेऊन आला. बुटाने मोजणी केली म्हणून त्याने त्या दगडाची क्षमा मागितली – विळा घासायच्या दगडाची. आणि मी शेजारी हात जोडून उभा होतो. त्या क्षणी बोललो असतो तर? तो हसला असता, मला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि संपले असते. मी नारळाचा प्रसाद खाल्ला.

खोटे का बोललो – हे अजून सांगितलेच नाही. पाहा, कसा टाळतो आहे.

मी भित्रा आहे. मला मागे बसायचे नव्हते. पंखाखालच्या आणि पंखावरच्या हवेच्या दाबातला फरक मी वर्गामागून वर्गाला समजावून दिला. विमान वर का राहते, हे मी गणिताने सिद्ध करू शकतो. माझा त्यावर विश्वास नव्हता. आणि माझा माझ्या गणितावर विश्वास नाही, हे त्याने पाहू नये म्हणून मी एका मेलेल्या माणसाला माळावर आणून बसवले.

पुढे त्या दूरच्या पट्टीवरून विमान हलवायला सांगितले गेले. जागा दुसऱ्यांना हवी होती. पंख सोडवून, ट्रकवर बांधून ते लोहाऱ्याला आले – रस्त्याने. बोअरच्या पाइपांशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये ते उभे राहिले. चिमण्यांनी इंजिनात काड्या भरल्या. बसवराज संध्याकाळी पुढच्या खुर्चीत बसून राही आणि मी गेलो की मागच्या खुर्चीकडे मान वळवून म्हणे, "या मास्तर, पंख न्हायत, भ्यायचं काम न्हाय." तो थट्टा करत होता की त्याला कळले होते? ठाऊक नाही. मी मात्र बसत असे. पंख नसलेल्या विमानात मी अगदी निवांत बसत असे.

मग त्याची दृष्टी अधू झाली आणि विमान चालवायची परवानगी गेली. लोहाऱ्यावरून त्याने एकदाही विमान नेले नाही. दर श्रावणी सोमवारी दगडावर बेल मात्र वाहिला. हळूहळू वाटेने जाणारे लोकही तिथे चप्पल काढू लागले.

यंदा हिवाळ्यात तो गेला. जाण्याआधी त्याने लेकीला, शैलजाला, जवळ बोलावून सांगितले होते, "मला मास्तरच्या आज्याशेजारी बसवा. वारं चांगलं आसतंय तिथं." ती माझ्याकडे विचारायला आली. या वेळी मी नाही कसे म्हणणार होतो? आम्ही त्याला त्या दगडाशेजारी बसवला, पश्चिमेच्या वाऱ्यात, पट्टीच्या नेमक्या रेषेवर. आता त्या माळावरून खरोखरच कधी चाक जाणार नाही. माझे खोटे त्याने खरे करून दिले.

काल शैलजा पुन्हा आली होती. दोघांना मिळून एकच चौथरा बांधायचा, असे तिने ठरवले आहे. सोमवारी पाथरवट येईल. "काका, बाबांचं नाव लिहून दिलंय," ती म्हणाली. "आता त्या जुन्या दगडावर काय कोरायचं, तेवढं सांगा."

उद्या सांगतो, असे म्हणून मी तिला परत पाठवले.

तुम्ही असता, तर काय सांगितले असते?