जानव्याची किल्ली

तंजावूरच्या आमच्या ॲलर्जी दवाखान्यात बुरशीची चाचणी करणारे मामा सगळ्यांना एकच सांगतात, "ओण्णुम इल्ले, काही नाही हो, मुंगी चावली समजा." हातावर बुरशीच्या अर्काचा थेंब टाकून सुई टोचतात, "अर्धा तास हलायचं नाही" असं बजावतात आणि स्वतः कॉफीला जातात. जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून त्यांच्या जानव्याला असते. तीही कॉफीला जाते.

परवा मला ती मुंगी चावली. हात सुजला, ओठ सुजले, घसा आवळला. नर्सने धावत जाऊन मामांना आणलं. जानवं अंगावरून काढायचं नाही, म्हणून मामा कपाटाला पोट चिकटवून कुलूप उघडत बसले.

इंजेक्शन मिळून श्वास परतला, तेव्हा मामा माझ्या फाइलीत लिहीत होते, 'चाचणी यशस्वी.'